पगार, संप आणि करारावरची सही : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जुनी पेन्शन परत मिळावी म्हणून राज्य कर्मचाऱ्यांनी केलेल्या संपावर लिहिलं आणि पत्रांची रीघ लागली. सगळ्यांना उत्तरं देणं जागेअभावी जमणार नाही, म्हणून निवडक घेतली आहेत. मी वकील नाही, महसूल खात्यातला निवृत्त कारकून आहे. नोकरीभर संघटनेचं काम केलं, त्यात जे जीआर आणि निकाल हाताखालून गेले त्यांच्या जोरावर बोलतो. कोर्टाची पायरी चढायची असेल तर वकील गाठा. पत्र लिहिणाऱ्यांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत. त्यातले बरेच जण अजून नोकरीत आहेत.

प्रश्न : मी शासकीय रुग्णालयात परिचारिका आहे, २००९ ची भरती. मार्च २०२३ च्या संपात मी सगळे दिवस बाहेर होते. सरकारी नोकराला संपाचा हक्कच नाही, असं आमच्या वरिष्ठांनी तेव्हाच बजावलं होतं. घरी मिस्टर विचारतात, मग संघटना काय भजनाला काढली आहे का? खरं काय समजायचं?
– एक परिचारिका, सांगली जिल्हा

उत्तर : सिस्टर, वरिष्ठ कायद्याला धरून बोलले, आणि मिस्टरांचा प्रश्नही रास्त आहे.

संघटना काढण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमात आहे. पण १९६१ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं, की संघटना काढणं हा मूलभूत हक्क, संघटनेच्या वतीने वाटाघाटी करणं किंवा संप करणं हा नव्हे. पुढच्याच वर्षी बिहारच्या कामेश्वर प्रसाद खटल्यात निदर्शनांना मोकळीक मिळाली, संपाला नाही. आपल्या वर्तणूक नियम १९७९ मधला सहावा नियम संपाला सरळ मनाई करतो. वर मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांमधल्या संपाला मनाई करणारा राज्याचा कायदा, आहेच. तो कायदा तर तुमच्या संपाच्या वेळच्याच अधिवेशनात नव्याने आणला गेला.

कायदा हातात असला की सरकार कुठवर जाऊ शकतं, ते तामिळनाडूने २००३ मध्ये दाखवलं. जयललितांच्या सरकारने संपावरच्या सुमारे १ लाख ७० हजार कर्मचाऱ्यांना एका फटक्यात बडतर्फ केलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे न्यायालयाने म्हटलं, की सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा मूलभूत तर नाहीच, कायदेशीर किंवा नैतिक हक्कही नाही. माफीनामा आणि हमीपत्र लिहून दिल्यावर बहुतेकांना परत घेतलं गेलं. हा रंगराजन निकाल आजही प्रत्येक संपाच्या आदल्या दिवशी परिपत्रकात डोकावतो.

आता मिस्टरांना द्यायचं उत्तर. हक्क नसताना संप झाले आणि त्यांतून पदरात पडलंही. डिसेंबर १९७७ ला राज्य कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला तो ५४ दिवस चालला. नेते र. ग. कर्णिक, समोर मुख्यमंत्री वसंतदादा पाटील, मागणी केंद्राच्या दराने महागाई भत्त्याची. मी तेव्हा तालुक्याच्या कचेरीत नवा कारकून होतो. पहिल्या महिन्याचा पगार बुडाला तेव्हा उत्साह होता. दुसरा बुडाला तेव्हा वाण्याने वहीतलं आमचं पान उघडायचंच बंद केलं. आमचे अव्वल कारकून संपात नव्हते, निवृत्तीला आले होते. ते रोज कचेरी उघडून एकटे बसायचे, सातबाऱ्यासाठी आलेल्या माणसाला हात जोडून परत पाठवायचे, आणि संध्याकाळी आमच्यातल्या लेकुरवाळ्यांच्या घरी ज्वारीची पायली पोचती करायचे. संप मिटला त्या दिवशी मागणी मान्य झालेली नव्हती. केंद्राचा दर मिळाला तो पुढे १९७८ मध्येच, शरद पवार मुख्यमंत्री झाल्यावर. आज तुमच्या वेतनचिठ्ठीत महागाई भत्त्याचा जो रकाना आहे, त्याचं मूळ तिथे आहे.

तुमचा संप १४ मार्चला सुरू झाला आणि २० मार्चला समितीच्या आश्वासनावर मिटला. जुनी पेन्शन जशीच्या तशी आली नाही. पण जे सरकार 'राज्य दिवाळखोरीत जाईल' म्हणत होतं, त्यालाच पुढच्या वर्षी शेवटच्या पगाराच्या निम्म्या निवृत्तिवेतनाची भाषा करावी लागली. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये एकीकृत निवृत्तिवेतन योजना आणली, तेव्हा महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती लगोलग उचलली. हे कुणी दयाबुद्धीने केलं असं मला वाटत नाही.

एक काम मात्र उद्याच करा. आस्थापना शाखेत जाऊन सेवापुस्तक उघडून घ्या आणि त्या दिवसांची नोंद कशी झाली ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. अर्जित रजा असेल तर शिल्लक रजेवर निभावलं. असाधारण, म्हणजे बिनपगारी, रजा असेल तर वेतनवाढीची तारीख पुढे गेली आहे का ते बघा. 'सेवाखंड', म्हणजे नोकरी मध्ये तुटली, हा शब्द दिसला तर तिथूनच संघटनेच्या पदाधिकाऱ्याला फोन लावा. निवृत्तीच्या तोंडावर हे निघालं की पेन्शनची केस लोंबकळते.

प्रश्न : आमच्या कराच्या पैशावर पगार, वर संप, वर पेन्शन. खाजगीत आम्हाला कोण विचारतं?
– एक करदाता, चाकण

उत्तर : कोणी विचारत नाही, हे खरं आहे आणि वाईट आहे. पण त्यावरचा उपाय म्हणजे नर्सची पेन्शन काढून घेणं, हे मला काही पटत नाही. ती काढली तर तुमच्या खात्यात किती जमा होणार? कराच्या पैशातून पगार घेणाऱ्यांत एक वर्ग असा आहे, जो आपला पगार आणि आपली पेन्शन स्वतःच विधेयक मांडून, स्वतःच मत देऊन ठरवतो. त्यांना संप करायची गरज पडत नाही. एखादं पत्र तिकडेही टाका.

प्रश्न : मार्च २०२० चा माझा पगार अर्धाच जमा झाला. राहिलेला पुढे मिळाला, पण सरकार उद्या पुन्हा असं करू शकतं का? पगार ही मालमत्ता आहे, असं कुठेतरी वाचलं होतं.
– एक नायब तहसीलदार, मराठवाडा

उत्तर : रावसाहेब, बरोबर वाचलंत. फक्त कापणं, लांबवणं आणि गोठवणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सरकारला त्यांची सरमिसळ झालेली हवीच असते.

२०२० च्या मार्चअखेरीस पहिली बातमी आली ती कपातीचीच. लोकप्रतिनिधींचे ६० टक्के, अ आणि ब वर्गाचे ५० टक्के, क वर्गाचे २५ टक्के, ड वर्गाला हात नाही. आरडाओरड झाल्यावर खुलासा आला, की कपात नव्हे, पगार दोन टप्प्यांत. हा शब्दांचा खेळ नव्हता. कपात म्हटली असती तर सरकारला कायद्याचा आधार दाखवावा लागला असता आणि तो सापडला नसता. आंध्रनेही तेव्हा पगार आणि पेन्शन थांबवून ठेवलं होतं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने राहिलेली रक्कम ६ टक्के व्याजासह द्यायला लावली. केलेल्या कामाचा पगार ही मेहेरबानी नव्हे, हे त्यात स्वच्छ आहे.

गोठवण्याचं गणित निराळं. केंद्राने जानेवारी २०२० पासूनचे महागाई भत्त्याचे तीन हप्ते थांबवले. जुलै २०२१ मध्ये भत्ता १७ वरून एकदम २८ टक्के केला, पण मधल्या १८ महिन्यांची थकबाकी दिली नाही. तिथे कर्मचाऱ्यांचा हात दगडाखाली राहिला, कारण जाहीरच न झालेल्या हप्त्यावर हक्क सांगणं अवघड.

थेट कपात करायची सोय घटनेत एकाच ठिकाणी लिहिलेली आहे : ३६० वं कलम, आर्थिक आणीबाणी. ती लागली तर न्यायाधीशांच्या पगारालासुद्धा कात्री लावता येते. आजवर ती कधीच लागलेली नाही. एकट्यादुकट्याचा पगार खालच्या टप्प्यावर आणायचा असेल तर ती मोठी शिक्षा ठरते. त्यासाठी दोषारोपपत्र, विभागीय चौकशी, सगळं आलं. ते तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता, कारण चौकशी अधिकारी म्हणून बसायची पाळी तुमच्यावर येते.

आता कडू भाग. नियमच बदलून पुढच्या काळासाठी पगाराची रचना बदलली तर? तिथे १९६७ चा रोशनलाल टंडन निकाल आडवा येतो. नेमणुकीपर्यंतच काय तो करार. एकदा रुजू झालात की तुमचा 'दर्जा' असतो आणि त्याच्या अटी सरकार घटनेच्या ३०९ व्या कलमाखाली एकतर्फी बदलू शकतं. तुमची सही लागत नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू होणाऱ्यांची जुनी पेन्शन गेली ती अशीच. ज्यांची जाणार होती ते तेव्हा नोकरीत नव्हते, आणि जे नोकरीत होते त्यांची जाणार नव्हती. मोर्चाला माणसं कुठून येणार?

प्रश्न : मी एसटीत वाहक. साडेपाच महिने आम्ही संपावर होतो. एसटीचं राज्य सरकारात विलीनीकरण झालं नाही. ज्या संघटनांना वर्षानुवर्षं वर्गणी दिली, त्या ऐनवेळी मागे राहिल्या. आता कुठल्याच संघटनेवर विश्वास नाही. काय करावं?
– एक वाहक, लातूर विभाग

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्राचं पहिलं पान वाचून थोडा वेळ तसाच बसलो होतो. त्या हिवाळ्यात अंगावरचा खाकी शर्ट काढून ऊसतोडीला, भाजीच्या गाड्यावर, सेंटरिंगच्या कामावर गेलेली माणसं मी पाहिली आहेत. पगार आधीच तुटपुंजा, तोही वेळेवर नाही. तुमचा राग खोटा नव्हता.

पण मागणीबद्दल माझं मत वेगळं आहे, ते स्पष्टच लिहितो. एसटी कामगाराकडे एक गोष्ट होती जी मंत्रालयातल्या कारकुनाकडे कधीच नव्हती : वेतन करार. दर चार वर्षांनी मान्यताप्राप्त संघटना आणि महामंडळ समोरासमोर बसायचे, घासाघीस व्हायची आणि दोघांच्या सह्या व्हायच्या. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्यात त्याला पाया होता. ३० टक्के सभासद दाखवा, मान्यता मिळवा, टेबलावर बसा. विलीनीकरण झालं असतं तर तुम्हाला वेतन आयोग मिळाला असता, पण करार गेला असता. वेतन आयोग म्हणजे बोलणी नव्हेत. आयोग निवेदनं घेतो, साक्षी घेतो, शिफारस करतो. सरकार हवं ते घेतं, नको ते ठेवतं. संघटनेची सही त्या कागदावर कुठेच नसते.

मग इतकी माणसं विलीनीकरणाच्या मागे का गेली? कारण त्या टेबलावर बसणाऱ्यांनीच ते पोकळ करून ठेवलं होतं. करार रखडायचे, थकबाकी लटकायची आणि सही करणारा डेपोत तोंड दाखवायचा नाही. असल्या टेबलाचा कामगाराला काय उपयोग? नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारने मूळ वेतनात वाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत सेवा असलेल्यांना ५,०००, दहा ते वीस वर्षंवाल्यांना ४,०००, त्यापुढे २,५००. नव्या मुलांच्या दृष्टीने ही मोठी वाढ होती. तरी डेपो उघडले नाहीत, कारण कुणाच्या शब्दावर परतायचं हेच ठरत नव्हतं. शेवटी मुंबई उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ ची मुदत घातली, तेव्हा चाकं पूर्ण फिरली.

आता नियम बदलले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटनाच एकमेव वाटाघाटी करणारी. तेवढं बळ कुणाकडेच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची मिळून परिषद. संपाची १४ दिवस आधी नोटीस. आणि निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. एकेका डेपोत चार-चार फलक लावून बसलेल्या संघटनांना हे गणित झेपणारं नाही. तुमच्या डेपोतल्या कुणाचाच भरवसा नसेल तर बाहेर बसून शिव्या देण्यापेक्षा आत शिरून वार्षिक सभेत हिशेब मागा. करारावर सही करण्याआधी मसुदा डेपोत वाचून दाखवायचा, असा ठराव लिहून घ्या. तोंडी नको.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत मिलवॉकीला शाळेत शिकवते. ती म्हणते, तिथे संघटना आहे पण करार नाही, फक्त एक 'हँडबुक' आहे. अमेरिकेसारख्या देशात असं कसं? आणि आपल्याकडे असं होईल का?
– एक निवृत्त मुख्याध्यापिका, पुणे

उत्तर : बाई, तुमची मुलगी ज्या राज्यात आहे तिथली गोष्ट सगळ्यांनी वाचावी अशी आहे.

विस्कॉन्सिन हे काही मागास राज्य नव्हे. सार्वजनिक कर्मचाऱ्यांना सामूहिक वाटाघाटींचा कायदेशीर हक्क देणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य तेच, १९५९ मध्ये. अमेरिकेतली सरकारी कर्मचाऱ्यांची एक सर्वांत मोठी संघटनाही १९३२ मध्ये त्याच राज्याच्या राजधानीत, मॅडिसनला, जन्मली. फेब्रुवारी २०११ मध्ये नवे गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी ३.६ अब्ज डॉलरच्या तुटीचं कारण देऊन एक विधेयक आणलं. पेन्शनसाठी कर्मचाऱ्याने पगाराच्या ५.८ टक्के भरायचे, आरोग्य विम्याच्या हप्त्याचे १२.६ टक्के भरायचे. म्हणजे हातात येणारा पगार कमी.

इथे नीट लक्ष द्या. संघटनांच्या नेत्यांनी ही दोन्ही कलमं मान्य केली होती. पैसे कापा, म्हणाले, पण वाटाघाटींचा हक्क ठेवा. वॉकर म्हणाले, नाही. भांडण पैशाचं राहिलंच नाही. विधानभवनात हजारो माणसं मुक्कामाला आली, शिक्षक, नर्सेस, विद्यार्थी. गणपूर्ती होऊ नये म्हणून डेमोक्रॅटिक पक्षाचे १४ सिनेटर राज्याची हद्द ओलांडून इलिनॉयला निघून गेले. पैशाच्या विधेयकाला २० सदस्य हजर लागत, सत्ताधारी १९ होते. तीन आठवड्यांनी सरकारने पळवाट काढली. विधेयकातला खर्चाचा भाग वेगळा केला, म्हणजे २० ची अट उरली नाही, आणि वाटाघाटींचा हक्क काढणारा भाग मंजूर करून घेतला.

त्या कायद्याने संघटनेवर बंदी घातली नाही, ही त्यातली खरी चलाखी. वाटाघाटी फक्त मूळ वेतनावर, वाढ महागाई निर्देशांकापुरतीच. रजा, कामाचे तास, बदल्या, वर्गातली मुलांची संख्या यांवर बोलणीच नाहीत. वर्गणी पगारातून कापून घ्यायची नाही. आणि दरवर्षी संघटनेने नव्याने मतदान जिंकायचं, तेही मत देणाऱ्यांतल्या नव्हे, एकूण कर्मचाऱ्यांतल्या ५१ टक्क्यांनी. आजारी म्हणून घरी राहिलेल्याचं मतही विरोधात धरायचं. पोलीस आणि अग्निशमनवाल्यांना मात्र या सगळ्यातून सूट. करार संपले, त्यांच्या जागी शाळा मंडळांनी स्वतःच लिहिलेली हँडबुकं आली. तुमची मुलगी म्हणते ती हीच.

लोकांनी वॉकर यांना परत बोलावण्याची निवडणूक लावली, जून २०१२ मध्ये ते तीही जिंकले. डिसेंबर २०२४ मध्ये डेन परगण्याच्या न्यायाधीशांनी त्या कायद्यातला बराच भाग घटनाबाह्य ठरवला. सरळ मुद्दा असा, की पोलिसांना एक न्याय आणि शिक्षकांना दुसरा, हे कशाच्या आधारावर? त्या निकालाची अंमलबजावणी अपिलापायी थांबली.

आपल्याकडे असं होईल का, विचारता. बाई, त्यांच्याकडून २०११ मध्ये जे काढून घेतलं, ते आपल्या राज्य कर्मचाऱ्याला कायद्याने कधी मिळालेलंच नाही. केंद्रात १९६६ पासून संयुक्त सल्लागार यंत्रणा आहे. पगार, रजा, कामाचे तास यांवर तिथे लवादापर्यंत जाता येतं, पण ती योजना आहे, कायदा नव्हे, आणि लवादाचा निवाडाही संसद फिरवू शकते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे संघटना-स्वातंत्र्याचे आणि सामूहिक वाटाघाटींचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार भारताने आजवर मंजूर केलेले नाहीत. अडचण सांगितली जाते ती सरकारी नोकरांचीच. आपली बोलणी होतात ती मंत्र्यांच्या दालनात, चहाच्या कपावर. मंत्री गेले की शब्दही जातो. संघटनेच्या कामात मी एकच हट्ट धरत असे : बैठकीचं इतिवृत्त सहीशिक्क्यानिशी हातात पडल्याशिवाय बाहेर जाऊन घोषणा द्यायच्या नाहीत. बरोबरचे चिडायचे. गाडी सुटायची वेळ झालेली असायची.

प्रश्न : मी ग्रामपंचायतीत कंत्राटी संगणक परिचालक आहे. मानधन चार-चार महिने येत नाही. आम्ही संघटना काढली तर कामावरून काढतील का?
– एक परिचालक, विदर्भ

उत्तर : दादा, काढायचा प्रयत्न होईल, खोटं कशाला सांगू. पण संघटना नोंदवायला तुम्हाला कायम कर्मचाऱ्यापेक्षा कमी अडथळे आहेत, कारण वर्तणूक नियमांचा लगाम तुमच्या तोंडात नाही. नोंदणीला किमान सात जण हवेत आणि सभासद कामगारांच्या १० टक्के किंवा १००, यांत जे कमी असेल तितके. एका जिल्ह्यात तेवढे परिचालक सहज मिळतील.

मुंबई महापालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांनी हेच केलं. कागदोपत्री ते ठेकेदाराची माणसं होती. वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २०१७ मध्ये २,७०० जणांचं कायम होणं सर्वोच्च न्यायालयात शिक्कामोर्तब झालं. त्यांच्या बाजूने काय बोललं? कागद. काम कोण देत होतं, हजेरी कोण घेत होतं, झाडू आणि हातमोजे कोण पुरवत होतं.

म्हणून मोर्च्याचं नंतर बघू. आधी तुमची हजेरी कोण ठेवतं ते शोधा, ग्रामसेवक की तुम्हाला कंत्राटावर घेणारी कंपनी. नेमणुकीचं पत्र, मानधन जमा झाल्याच्या बँकेच्या नोंदी आणि गटविकास अधिकाऱ्यांनी कामं सांगितल्याचे मोबाइलवरचे संदेश एका फाइलीत लावा. संदेशांच्या छापील प्रती काढा, फोन बदलला की ते जातात. कंपनीबरोबरच्या कराराची प्रत माहिती अधिकारात मागा, दहा रुपयांचा स्टँप लावून. ती हातात आली की मला पुन्हा लिहा, आणि करारात मानधन देण्याची तारीख कुठल्या कलमात आहे ते पत्रात नक्की कळवा.